विष्णुपंतांच्या घराला गिऱ्हाईक आलं

—तिथं नका बसू मास्तर, उनाचं. हितं या, माझ्या ओट्यावर सावली हाय. आन् ते कुलूप हलवून काय उघडणार हाय का? दोन वर्सं झाली घर बंद हाय. विष्णुपंत म्हणून व्हते, कचेरीत कारकून, त्येंचं घर. औरंगाबादला बदली झाली, बिऱ्हाड उचलून गेले, आता इकायचं म्हणतेत. तुमी तेच बघायला आलाव न्हवं? बघा, वळखलं का न्हाय! डोक्यावर टोपी, काखंत छत्री, आन् नजर समदी आढ्याकडं—घर बघणारा मानूस लांबून कळतोय. देवीला आलेला मानूस असा लोकाचं छप्पर बघत उभा ऱ्हात न्हाय. मास्तरच हाव न्हवं? मान नुसती हलवली तुमी, व्हय का न्हाय ते कळंना. मास्तरच असाल. तोंडावरनं गरीब दिसताव.

घर चांगलं हाय. लोकाच्या घराला मी कशाला नावं ठिवू? दोन खोल्या, पुढं ओसरी, वर माळवद, आन् महाद्वार म्हणाल तर हाकंच्या अंतरावर, माझं कुंकवाचं दुकान तिथंच हाय. फकस्त गळतं. जरा न्हाय, लई गळतं. पावसाळ्यात तुमी भाईर उभं ऱ्हायलाव तर कमी भिजाल. आन् मुंग्या—तांबड्या! निजलेल्या मानसाला उचलून न्हेतील. आन् माकडं. येडशीच्या रानातली माकडं बरी, बिचारी रानात ऱ्हातेत. हितली नैवेद्यावर वाढलेली, सरळ आत येऊन ताटातली भाकर उचलतेत, वर आणिक कोरड्यास मागतेत. पहाटं चौघडा वाजला की उठून बसायचं, सुट्टी असो न्हायतर नसो. भूत? न्हाय बाबा, भूत न्हाय. खोटं कशाला बोलू? आईच्या दारात कोण भूत थांबंल? पर आता बघा, कचेरीत येवढे कारकून, त्यातून ह्याच घरातल्या मानसाची बदली का व्हावी? इच्यार करा जरा. हसायलाव कशाला? इच्यार करा म्हणलं, हसा न्हाय म्हणलं.

आन् भाव! भाव इचारलाव का? नका इचारू. ही एसटी सुरू झाली आन् गावाचं डोस्कं फिरलं. पयलं लोक बैलगाडीनं येत व्हते, झाडाखाली उतरत व्हते, चटणी-भाकर खाऊन जात व्हते. आता मोटारीतनं उतरतेत आन् खोली मागतेत. मंग काय, सोलापूरचे यापारी यायला लागले—हितं घर घ्यायचं, नवरात्रात यात्रेकरू भरायचे, बाकीचं वरीसभर कुलूप. त्येंच्यापुढं तुमचा पगार कुठं पुरायचा? गरिबानं देवीच्या गावात घर घ्यायचं म्हंजे... जाऊ द्या. तुमी असं करा, मुरुमला बघा. लई झ्याक गाव. बाजार हाय, हवा हाय, माकडं न्हाईत. मी काय मुरुम बघितलेलं न्हाय, पर वीरप्पा सांगत व्हते. वीरप्पा म्हंजे कापडवाले, तेबी हे घर बघायला आले व्हते. त्येंला मुंग्यांचं सांगितलं, तवा ते मुरुमलाच ऱ्हायले. मंग एक बिभीषण म्हणून आले, दणकट गडी, त्येंला मुंग्यांचं काय वाटंना, मंग माकडांचं सांगावं लागलं. मंग एक—

म्हंजे, सांगावं लागलं म्हंजे, त्येंनीच इचारलं वो. मी आपली हितं कवड्याच्या माळा ववत बसते, येणारा-जाणारा इचारतो, मी खरं काय ते सांगते. तोंडाला कुलूप लावू का?

काय? काय म्हणलाव? वरच्या मातीचं? तुमची नजर लई बारीक हाय बा, शाळंत पोरं टरकत असतील. व्हय, नवी हाय माती. पांढरी माती हाय, माळवदावर तीच टाकतेत, पाणी धरती. कुणी टाकली? आता कुणी टाकली... म्या टाकली. दर सालाला टाकते, पाऊस पडायच्या आधी. आमचे धनी घमेली देतेत, मी वर पसरते. मंग काय घर पडू द्यू? मानूस न्हाय, दिवा न्हाय, माती धुपली तर आडं कुजतील की! —बरं, मंग गळतं कसं, आसं इचारायचंय तुमाला. इचारा. तोंड दाबून हसण्यापरीस इचारा.

न्हाय गळत. झालं समाधान? टिपूस गळत न्हाय. त्या घराच्या भिताडाला कान लावला तर थंड लागतंय उन्हाळ्यात. आन् मुंग्या समद्या माझ्याच खोलीत हाईत, ह्या हितं, अंबादासरावांच्या चाळीत, जिचं भाडं आमी दर म्हैन्याला न चुकता भरताव. आता ऐकायचंच हाय तर ऐका. भाडं भरताव खरं, पर नवरात्र जवळ आलं की अंबादासराव दारात येतेत, गोड हसतेत, म्हणतेत, नागूबाई, यात्रेकरू आलेत, तेवढं कोजागिरीपत्तूर सरका. सरका म्हंजे कुठं? दुकानाच्या मागं, ताडपत्रीखाली, पेटी-वळकटीसकट. लगीन होऊन आले तवापासनं असंच. निजामाचे हाली रुपये चालायचे तवाबी सरकलाव, नवे पैसे आले तरी सरकताव. त्येंचं बी चुकत न्हाय, समदं गावच तसं करतंय. पर मास्तर, घट कुठं बसवायचा? घट एकदा मांडला की हलवता येत न्हाय, दिवा इझू द्यायचा न्हाय, नऊ दीस त्याच जागंला. ताडपत्रीखाली कसा बसवू, कुत्रं येतंय, मानसं पाय देऊन जातेत. आमच्या घराण्याचा घट सोनारीला बसतो, थोरल्या जाऊकडं. अयोध्या तिचं नाव. ती चारचौघींत म्हणती, आमची नागू आईच्या पायापाशी ऱ्हाती बाई, पर घट माझ्याच घरी. आन् मला जाताबी येत न्हाय, कुंकवाचा धंदा त्याच दिसांचा. समद्या मुलखाला परडी मी इकते, माळ मी इकते, घटावर सोडायला माळा माझ्या दुकानातनं न्हेतेत—आन् माझ्या दारात मूठभर गहू उगवत न्हाय. लई लागतंय वो मनाला. कुणाला सांगत न्हाय मी. तुमाला कशी सांगून बसले कुणास ठावं.

व्हय, मलाच पायजे ते घर. लावते चुगल्या, आता काय ते म्हणा. आमच्या वाटणीची मेंढरं इकली, माझ्या हातातल्या पाटल्या गेल्या, तरी भाव निघाला की आमी दोघं खाली बघताव. म्हणलं गिऱ्हाईक फिरलं की भाव उतरंल, उतरला की आमी तोंड उघडू. ह्या पंधरवड्यात देवळात आई भवानी निद्रेला गेली हाय, उठली की गावभर घट बसतील. म्हणलं येवढ्या साली तरी... आन् आलाव तुमी, ना मुंग्यांना भ्यायलाव ना माकडांना. बसलाव दात काढत.

आगं बाई, येवढी बडबडले आन् गाव कोणचं, कुणाचे कोण, कायबी इचारलं न्हाय. बोला, कुणीकडचे?

औरंगाबाद. हां. आन् हितं कुणाकडं आलाव?

कुणाचे? परत बोला.

लीलीचे? आमच्या लीलीचे? विष्णुपंतांचे जावई तुमी!

आई भवानी, धरणी दुभंगली तर बरं व्हईल. सरका, सरका तिकडं, पदर घेऊ द्या डोईवर! लगीन तिकडं झालं म्हणून मी तोंड बघितलं न्हाय तुमचं, न्हायतर... गल्लीचा जावई दारात येतो आन् मी त्येला गरीब मास्तर म्हणते! आन् पाणी? पाणीसुदिक इचारलं न्हाय! ह्या कडंवर खेळवलंय लीलीला, माझ्या मांडीवर मुतलीय ती, आन् तिच्या कुंकवाला मी कोरडं बसवून माकडाच्या गोष्टी सांगितल्या. घ्या, हा गूळ घ्या, वर पाणी घ्या. न्हाय म्हणू नका, गल्लीचा मान हाय तो. आन् जावईबापू, आता कान द्या. म्या बोलले ते समदं खोटं. घर लाखात येक हाय. विष्णुपंतांना सांगा, जो यापारी जास्त देईल त्येला द्या, नागूबाई आता कुणाला एक सबूद बोलायची न्हाय. जावयापुढं खोटं बोलून घर घेतलं तर त्या घरात घट बसवायला हात तरी उचलंल का माझा?

किल्ली? तुमच्या खिशात? मंग मघाधरनं कुलूप कशाला हलवत व्हताव, माझी गंमत बघायला?

काय म्हणल्या? वनमालाबाई म्हणल्या? नीट सांगा, तुमच्या सासूबाई काय म्हणल्या ते जसंच्या तसं सांगा.

'नागूबाईला इचारल्याबिगर दार उघडायचं न्हाय.' असं म्हणल्या? विष्णुपंत सोलापूरवाल्याला व्हय म्हणायला निघाले व्हते, तवा आडव्या पडल्या? बघा की, आन् मी दोन वर्सं... तोंडानं इचारायचं सोडून मुंग्या पाळत बसले! त्या जाताना म्हणल्याबी व्हत्या, नागू, काय मनात असंल तर बोल. मी म्हणलं, सुखानं जावा. गरिबाला गर्व लई असतो बघा.

बरं, आन् भाव? भाव काय सांगितलाय? सांगून टाका येकदाचं, मी भिताडाला टेकून बसलेय.

मी? भाव मी सांगायचा? 'नागू सांगंल तो भाव' म्हणल्या?

असं कसं वो? आता मी काय सांगू? आत्ता तुमच्यापुढं लाखात येक म्हणले! मघाशी इचारायचं की, गळत व्हतं तवर! हसू नका. हसू नका म्हणते ना, जावई असलाव म्हणून काय झालं. उघडा ते दार... न्हाय, थांबा, उघडू नका. आमचे धनी दुकानावर हाईत, त्येंला येऊ द्या, दोघांनी मिळून उंबरा वलांडू.

तवर तुमी जरा तिकडं तोंड करून बसा, जावईबापू. तिकडं, कळसाकडं बघा. मी सांगस्तवर इकडं बघायचं न्हाय.