आमोदखेड्यातल्या बंद घरात राहणारा इसम

जबाब

ठिकाण: तात्पुरती पोलीस चौकी, प्रतिबंधित क्षेत्र तपासणी नाका क्र. २, ता. चोपडा
दिनांक: २३ मे

मी, प्रमिलाबाई आधार शिरसाठ, वय ४३ वर्षे, धंदा शेतमजुरी, धर्म बौद्ध, मूळ राहणार आमोदखेडे, ता. चोपडा, जि. जळगाव, सध्या राहणार निवारा केंद्र, शेड नं. ४, नरडाणा औद्योगिक वसाहत, ता. शिंदखेडा, जि. धुळे. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी माझी मुलगी दिपमाला, वय १९, हिच्यासोबत राहते. माझे पती आधार शिरसाठ, वय ४८, हे आमोदखेडे ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचारी आहेत. पंप चालू करणे, गल्लीवार पाणी सोडणे आणि गुरांची डोण भरून ठेवणे हे त्यांचे काम. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह ते सगळ्यात शेवटी उघडत. आधी स्वतःच्या घराला पाणी घेतले असे कोणी म्हणू नये म्हणून. नळात आधी हवा सुटल्याचा आवाज येई, मग पाणी. तो आवाज आला की मी चहा टाकत असे. चहाला उकळी येईपर्यंत ते घरी पोचत. याचा प्रकरणाशी संबंध नाही असे मला सांगण्यात आले. तरी लिहावे अशी माझी विनंती आहे.

एप्रिल महिन्यात तापीकाठच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. त्या दिवशी दुपारी गावात भोंग्याची गाडी आली. दारे-खिडक्या लावा, विहिरीचे पाणी पिऊ नका, गोळ्या वाटल्या जातील त्या घ्या, असे पुकारले. संध्याकाळी एसटीच्या गाड्या आल्या. अंगावरचे कपडे, कागदपत्रे आणि औषधे एवढेच घ्या, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, असे सांगितले. मी तारेवरचे वाळत घातलेले सगळे कपडे काढून घरात टाकले, कुलूप लावले आणि गाडीत बसले. गुरे मागाहून नेऊ असे साहेब लोक म्हणाले. पुष्कळ जणांनी दावी सोडून दिली. गाडी हलली तेव्हा गायी बऱ्याच लांबपर्यंत मागे पळत आल्या. माझे पती मागच्या काचेतून बघत होते. 

त्यानंतर केंद्रापासून सोळा किलोमीटरचा पट्टा बंद झाला. आमचे गाव त्यात आहे. गुरे आणली गेली नाहीत, कारण त्यांच्या अंगावर आणि पोटात ते लागले आहे असे कळले. ते म्हणजे काय हे आम्हाला शेडमध्ये डॉक्टरांनी समजावून सांगितले. दिसत नाही, वास नाही, आणि लागले तर ताबडतोब दुखत नाही. माझ्या पतींनी त्यांना एकच विचारले, "मग तहान तर लागतच असंल ना त्यांना?" डॉक्टर म्हणाले, "कोणाला?" 

बुद्धपौर्णिमेच्या आठवडाभर आधी ते पहाटे उठले. मी जागी होते. "डोण भरीसन येस," एवढे म्हणाले. पौर्णिमेला मी येतो ना, असेही म्हणाले. मी अडवले नाही. त्यांना आत सोडणारच नाहीत, नाक्यावरून परत येतील, असे मला वाटले. नदीकडून पायवाट आहे हे मला माहीत होते, पण ते तेव्हा सुचले नाही.

पौर्णिमेला शेडमध्ये वंदना झाली. दूध बंद असल्यामुळे भुकटीची खीर केली होती. त्यांच्या वाटणीची खीर मी झाकून ठेवली. ती दुसऱ्या दिवशी टाकावी लागली.

मी या नाक्यावर तीन वेळा आले. माझा माणूस आत आहे, त्याला बाहेर काढा, असे सांगितले. नाक्यावरच्या जमादारांनी वागणूक चांगली दिली, बसायला खुर्ची दिली. पण आमोदखेड्याची सगळी माणसे बाहेर आल्याची नोंद आहे, आत कोणी नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. तुमचा माणूस कामाधंद्याला सुरतेकडे गेला असेल, पुष्कळ जण गेलेत, असे ते म्हणाले. हरवल्याची तक्रार नरडाण्याला द्या, म्हणाले. ती मी दिली. तिच्यावरून कोणी आत जाणार नव्हते. नुसत्या अंदाजावर पथकाला आत पाठवता येत नाही, पथकातल्या माणसांनाही धोका असतो, आत काही गुन्हा घडला तरच जाता येते, असे जमादारांनी समजावले. ते मी लक्षात ठेवले.

दर रविवारी शेडमध्ये चादर लावून गावांची फिल्म दाखवतात. हवेत उडणाऱ्या यंत्राने ती काढलेली असते. घरे शाबूत आहेत हे लोकांना दिसावे म्हणून दाखवतात. पौर्णिमेनंतरच्या एका रविवारी आमोदखेडे होते. केळीचे बाग आधी दिसले. बठ्ठे, म्हणजे सगळे, पिवळे झाले होते. आमच्याकडे घड हिरवा असतानाच कापून गाडीत भरतात, झाडावर पिकलेला बाग आमच्यातल्या कोणी पाहिलेला नव्हता. बायका रडू लागल्या. मग गल्ल्या आल्या. आमच्या घरापुढच्या तारेवर एक सदरा वाळत होता. निळा होता आणि उलटा करून घातलेला होता. माझे पती कपडे उलटे करून वाळत घालतात, रंग उडू नये म्हणून.

मी उठून उभी राहिले. शेजारी बसलेले आमच्या गावचे तोताराम भाऊ म्हणाले, "वहिनी, बस खाले. घाईगडबडमा ऱ्हायेल व्हई. कोन शे आते तठे?" मी बसले. पण तार मी स्वतः रिकामी केली होती.

पुढच्या रविवारी त्याच तारेवर सदरा नव्हता. टॉवेल होता. तोताराम भाऊंनी तो पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. दिपमाला हळूच म्हणाली, "आई, पप्पा शेत." शेत म्हणजे आहेत. ती एरवी घरात अहिराणी बोलत नाही. धुळ्याला कॉलेजला गेल्यापासून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी या चौकीत येऊन तक्रार दिली की, माझ्या आमोदखेडे येथील बंद घरात कोणी इसम कुलूप उघडून शिरला आहे व राहत आहे. इसम कोण असावा असे मला तेव्हा विचारले होते. मी "सांगता येत नाही" असे सांगितले. आज विचारल्यावरून सांगते की, तो कोण आहे हे मला माहीत होते. कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती हेही माहीत होते. तक्रारीशिवाय पथक जाणार नव्हते. मला दुसरा रस्ता दिसला नाही. मला कोणी शिकवले नाही. माझ्या मुलीचा यात हात नाही.

आज सकाळी पांढरे कपडे घातलेले पथक आत गेले. मला व दिपमालाला नाक्यावर थांबवले होते. दुपारी गाडी परत आली. तिच्यातून उतरलेल्या इसमास मी ओळखते. तो माझा नवरा आधार शिरसाठ आहे.

त्यांना लगेच बाजूच्या तंबूत नेले. यंत्र अंगावरून फिरवल्याचा आवाज बाहेर येत होता. पायाशी आणि डोक्याशी तो जास्त येत होता. त्यांचे कपडे पिशवीत बांधले, आंघोळ घातली, डोक्याचे केस काढले. ते दवाखान्याच्या हिरव्या कपड्यात बाहेर आले तेव्हा दिपमालाने त्यांना आधी ओळखले नाही. ती मलाच विचारत होती की पप्पा कुठे आहेत.

त्यांना दोरीच्या पलीकडे खुर्चीवर बसवले होते. बोलायची परवानगी हा जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमनी दिली. मधले अंतर आमच्या अंगणाएवढे होते. आमचे बोलणे अहिराणीत झाले. मॅडम जवळ उभ्या होत्या. ते जसे झाले तसे लिहावे असे मी सांगितले, म्हणून खाली लिहिले आहे.

ते म्हणाले, "कसाले उनी इतला उन्हमा?"

मी म्हणाले, "तुम्हले लेवाले उनी," म्हणजे न्यायला आले.

"पोलिसले तूच सांगं का?"

"हा. मीच सांगं. घरमा चोर शे म्हनीसन सांगं."

ते हसले. मग म्हणाले, "बरं करं." पुढे म्हणाले, "मी रोज निंघनू. निंघनू का बठ्ठ्या गायी मांगे येतस. तान्ही वासरे बी. येशीवरथीन परत फिरनू."

मी म्हणाले, "आनि आम्ही?"

 मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मग दिपमालाची परीक्षा झाली का असे त्यांनी विचारले. झाली असे मी सांगितले. पेपर कसे गेले ते दिपमालाने स्वतः सांगावे म्हणून मी तिला पुढे केले. ती म्हणाली, "पप्पा, चांगले गेले."

शेवटी त्यांनी मॅडमना विचारले, "आते त्यासले पानी कोन पाजी?" पशुसंवर्धन खात्याला कळवण्यात येईल असे मॅडमनी सांगितले. पथकातल्या एका माणसाने सांगितले की, हापशावरून बादल्या भरभरून डोण काठोकाठ केल्याशिवाय हा इसम गाडीत बसायला तयार नव्हता, म्हणून पथकातल्या दोघांनी त्याच्यासोबत बादल्या वाहिल्या. त्या दोघांची नावे मला माहीत नाहीत. माहीत असती तर इथे लिहायला सांगितली असती.

माझ्या पतींनी आत असताना हापशाचे पाणी प्यायले, बागेतली केळी खाल्ली. शरीरात किती गेले ते आज सांगता येत नाही, रक्त तपासल्यावर काही अंदाज येईल आणि पुढेही बरीच वर्षे तपासत राहावे लागेल, असे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले. त्यांना जळगावला नेत आहेत. किती दिवस ठेवतील ते सांगितले नाही. सोबत जाण्याची मी विनंती केली, ती सध्या मान्य करता येत नाही असे समजले. दोरी ओलांडायची नाही असे मला सांगितले होते. मी ओलांडली नाही.

बंद क्षेत्रात शिरल्याबद्दल माझ्या पतीवर गुन्हा दाखल होईल व खरी माहिती दडवल्याबद्दल माझीही चौकशी होईल, हे मला समजावून सांगितले. समजले. घरातून काय चोरीस गेले असे विचारले. काही चोरीस गेलेले नाही. घर त्यांचे आहे. माझी त्या इसमाविरुद्ध तक्रार नाही.

नवऱ्यावर राग आहे काय, असेही मला विचारण्यात आले. आहे. तो मी त्यांना घरी आल्यावर सांगणार आहे. घर म्हणजे नरडाण्याचे शेड की आमोदखेडे, असे विचारल्यावरून सांगते की, ते येतील तिथे.

गाडीचे दार लावल्यावर ते काचेतून माझ्याशी काहीतरी बोलले. इंजिन चालू होते. मला ऐकू आले नाही. ते काय बोलले असे मला विचारण्यात आले, ते मला सांगता येत नाही. मी दोन्ही हातांनी खूण करून परत सांगा असे म्हटले. त्यांनी परत सांगितले. तेव्हाही ऐकू आले नाही, आणि गाडी निघाली. भेटू देतील तेव्हा विचारीन.

हा माझा जबाब महिला पोलिसांनी आधी मराठीत व नंतर मला अहिराणीत समजावून वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे. त्यात कोणी काही घातलेले नाही व गाळलेले नाही. ऐकून खाली सही केली आहे.

सही
(प्रमिलाबाई आधार शिरसाठ)