रिपोर्ट जुळला

हॅलो? … हॅलो, कोण? … आकांक्षा! वहिनी बोलते, बोल न व. थांब, कुकरची शिट्टी होऊन राह्यली, गॅस बंद करते… हं, बोल.

काय? … जुळला? … हो, हो, ऐकलं. तुहं लिव्हर आईले जुळते. … नाई व, खुश हाये न मी. काऊन नसन? … आवाज बसला माहा, म्हणून.

तुहा रजतदादा? … फोन उचलत नाई? शेतात गेला असन. रेंज नसन तिकडं.

अवं ऐक न… हो, माईत हाये मले. माहा रक्तगट जुळला नाई, दादाची शुगर निघाली, मंग तूच उरली. देता यावं म्हणून वजन कमी केलं, भात सोडला, पहाटे उठून चालत होती… आणि जावईबापू बी तयार झाले? … सासूबाई बी? … चांगली माणसं भेटली व तुले.

आईले ऑपरेशनसाठी तुह्याकडं पुण्याले आणाचं तिकीट? … नोको काढू. … थांब, थांब. आधी ऐकून घे.

परवा आईले नागपूरले नेलतं न… हो, पोटातलं पाणी काढाले. दादानं तेवढंच सांगतलं तुले. पण डॉक्टरनं मशीनमध्ये घालून फोटो बी काढला. … गाठ हाये, आकांक्षा. लिव्हरमध्येच.

… नाई, बदलून नाई चालत. मी तेच इचारलं. म्हटलं, आमची पोरगी अर्धं द्याले तयार हाये, तुम्ही जुनं गाठीसकट काढून टाका. … तर म्हणे, गाठ मोठ्या नसंत घुसली. नवं लावलं तरी त्याच्यात बी येईन. … दाखवलं न दुसऱ्याले. तो बी तेच म्हणे.

आकांक्षा? … हाये का? … रड. मी हाये इथं.

… उशीर झाला काऊन म्हणतं? कोणाचं नाई चुकलं व. आईनं कधी एक गोळी चुकवली नाई. त्या गोळ्यायनं हाडं ठिसूळ झाले, मणका दबला, तरी घेतल्या. रक्ताची उलटी झालती, तवा बी शुद्धीवर आल्या न आल्या, गोळी मांगितली. … आणि लोकं? शेजारची शकुबाई म्हणे, लिव्हर सडलं म्हणजे घेत असन चोरून. जन्मात थेंब शिवला नाई त्यायनं! आपलंच अंग आपल्या लिव्हरले दुश्मन समजते, हे कोणाकोणाले समजावू मी?

दादा? … खोटं बोलली मी. शेतात नाई गेला. गोठ्यात बसला हाये. तुहा फोन वाजला का पायते अन् खाली ठेवून देते. मले म्हणे, तू सांग, माह्याच्यानं नाई होत. … रागावू नोको त्याच्यावर.

आईले? … नाई सांगतलं. सांगून बी राह्यन का ध्यानात? … मधीमधी भानच नाई राहत व. लिव्हर काम नाई करत तर विष डोक्यात चढते म्हणे. काल अंधार पडला तशा दाराकडं पाहाले लागल्या. म्हणे, आकांक्षा शाळंतून आली नाई आणखीन, वर्ध्याची बस चुकली का वं? तिच्यासाठी भाकर झाकून ठेव. … मंग? ठेवली न मी. तवाच झोपल्या.

… आजच निघतं? … ये. एकटी नोको येऊ, जावईबापूले घेऊन येजो. … किती दिवस, ते नाई सांगतलं डॉक्टरनं. फक्त म्हणे, ज्याले बोलवाचं त्याले बोलवून घ्या.

… नाई, काहीच नोको आणू. … थांब, उठल्या वाटते. … हो आई! आली, आली… आकांक्षाचाच फोन हाये. … हो, इचारते तिले.

आकांक्षा, बोलतं का त्यायच्याशी? … नाई होत? … बरं. बरं, बाई, नोको बोलू.

मी सांगते त्यायले, बस भेटली म्हणून. … ठेव आता. निघ.