सभासद क्रमांक एकशे सात व सौ.

विषय : सभासद क्रमांक एकशे सात यांच्या जोडकार्डावर दुसरं नाव नोंदवण्याबाबत. संदर्भ : चित्रपट मंडळाचं परिपत्रक, दिनांक दोन मे एकोणीसशे शहाऐंशी, आणि त्याला अनुसरून दिलेला माझा अर्ज, दिनांक नऊ मे — असंच आहे ना तुमच्या हातातल्या कागदावर? मग अडलं कुठं? छत्तीस वर्षं कचेरीत बसून दुसऱ्यांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या, लतिकाबाई. माझ्या अर्जातली त्रुटी सांगायला मंडळाच्या सहकार्यवाह भर उन्हात घरी येतील असं वाटलं नव्हतं. बसा ना. तिथं नको, इकडे कूलरसमोर. त्या खुर्चीचा पाय हलतो, आणि ती — ती एकाच माणसाच्या सवयीची आहे.

रकाना सहा. हो, कोरा आहे, मीच सोडलाय. ‘दुसऱ्या व्यक्तीचे सभासदाशी नाते’, आणि खाली बारीक अक्षरात तुम्हीच छापलंय, पती किंवा पत्नी. आता तुम्ही कॉलेजात शिकवता, मला समजावून सांगा — विश्वनाथ मेश्राम, वय एकसष्ट, छापखान्यातून निवृत्त झालेला बाईंडर, मूळ राहणार खापा, हा गृहस्थ या दोहोंपैकी माझा कोण? हसा, हसा, पण चहा त्या कागदावर सांडू नका. — कार्ड मिळालं कसं म्हणता? सरळ मार्गानं मिळालं. अडुसष्ट साली मंडळाची यादी भरली होती, एकच जागा उरलेली, तीही जोडप्याची. आम्ही दोघं टेबलापाशी उभे. मी परत फिरायला निघालो तर विश्वनाथ म्हणतो, ‘घे ना गा जोडप्याची. मी होतो तुही बायको, सिनेमापुरता.’ मी लग्न केलेलं नाही, त्यानंही नाही — त्याला काही विशेष कारण नाही, राहून गेलं, माझ्या बदल्या होत गेल्या — म्हणजे दोनच झाल्या, भंडारा आणि परत नागपूर, पण राहून गेलं. तर कार्ड छापून आलं, ‘श्री. म. ग. पाठक व सौ.’ सौ.च्या पुढं नाव नाही, कोणी विचारलंही नाही. त्या सौ.वर विश्वनाथ अठरा वर्षं आत येतोय. दारावर नत्थू असायचा, तुम्ही पाहिला नसेल. मला बघितलं की म्हणायचा, ‘या साहेब, वहिनी कुठं राहिल्या?’ आणि मागून हे सहा फुटी धूड, मिशा, धोतर, हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा — ‘हे काय, आली ना! नत्थू, तुह्या वहिनीले पंख्याखालची खुर्ची दे, नाही तर जाते माहेरी खाप्याले.’ असा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊला. खुर्च्या ठरलेल्या — सातवी रांग, दहा आणि अकरा.

ही वही बघा. कापडी पाठीची, त्यानंच बांधून दिली. अठरा वर्षांतले सगळे चित्रपट आहेत, पण ही मधली पानं वेगळी काढलीत — आशिया खंडातले, ज्यांत एक पुरुष दुसऱ्या पुरुषावर जीव टाकतो असे. सात. पाश्चात्त्य मागच्या पानांवर आहेत, त्यांच्यात बोलतात फार. — वेगळी का काढली म्हणता? अभ्यास म्हणून. कारकुनाला वर्गवारीची खोड असते, दुसरं काय! आता शेवटचा रकाना वाचा, ‘अखेर’. पहिला जपानी, छत्र्या करणारा आणि शिपाई : छत्रीवाला बर्फात गोठून मयत. दुसरा हाँगकाँगचा, एका गुरूचे दोन शिष्य : थोरला तलवारीनं मयत, आणि मरताना अठरा मिनिटं भाषण, मी घड्याळ लावलं होतं. तिसरा फिलिपिन्सचा, नावाडी आणि शिंपी : नावाडी सुऱ्यानं. चौथा पुन्हा जपानी, मास्तर, समुद्रात. पाचवा थायलंडचा : पहिल्याच रिळात एकजण खोकला, तेव्हाच विश्वनाथनं माझ्या कोपराला कोपर लावलं, ‘गेला हा.’ गेलाच. सहावा तुर्कस्तानचा, दोघं ट्रकड्रायव्हर : घाटात ब्रेक निकामी. म्हणजे बघा, धर्म वेगळा, हवामान वेगळं, जेवण वेगळं, पण असा माणूस दिसला की अख्ख्या आशिया खंडाचं एकमत. इतकं एकमत मी कुठल्याच शासकीय बैठकीत पाहिलं नाही.

आणि जे मरणाच्या आधी घडतं ते तर दिसायचंच नाही. दोघं जवळ आले, की मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष खोकायचे, आणि प्रोजेक्टरवाला भिंगापुढं हात धरायचा. अंधारात फक्त त्याची बोटं, कडेनं लाल. हाताच्या पंजावर मी एक निबंध लिहू शकेन. विश्वनाथ म्हणायचा, ‘या पिच्चरमधी मेन काम याच्या पंज्याचंच दिसते.’ — पण मी कुणाला हसू? मराठी सारांशपत्रक मीच करायचो ना! स्टेन्सिल कापून, वाटून. सातही वेळा एकच वाक्य, ‘ही दोन जिवलग मित्रांची हृदयस्पर्शी कथा आहे.’ छत्रीवाला त्या शिपायाच्या बुटांना रात्रभर उराशी धरून बसतो, आणि मी लिहितो जिवलग मित्र. विश्वनाथ ते पत्रक घडी करून खिशात घालायचा आणि म्हणायचा, ‘महादेवा, तुहा पंजा त्या प्रोजेक्टरवाल्याहून मोठा हाय गा.’ मी म्हणायचो, जागा कमी होती कागदावर.

आमची पैज असायची. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, की सांगायचं दोघांतला कोण मरणार. हरणाऱ्यानं बाहेर तर्री पोहे खिलवायचे. माझं अनुमान शास्त्रशुद्ध — कोण गरीब, कोण अशक्त, कोणाची आई विधवा. त्याचा एकच नियम. ‘ज्याचा जीव आधी लागते, तो मरते.’ सहापैकी सहा वेळा पोहे मी खिलवले. मरणाचा प्रसंग आला की तो शेंगा सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवायचा, न बघता, एकेक. त्या तुर्की चित्रपटात ट्रक दरीत गेला, दाणे संपले होते, हात तिथंच राहिला. बराच वेळ. म्हणजे — गर्दी होती, खुर्च्यांना हात नव्हते, ठेवणार कुठं माणूस. घ्या ना, चहा गार होतोय.

सातवा? सातव्यासाठीच तर हे सगळं चाललंय. अठ्ठ्याहत्तर साल. जपानचाच. एका बेटावर दीपगृह, तिथं दोन नोकर, नऊ वर्षं एकत्र. वात साफ करतात, मासे भाजतात, एकमेकांचे केस कापतात, बोलतात जवळपास काहीच नाही. पंजा एकदाही आला नाही, कारण झाकण्यासारखं काही घडतच नाही. एकदा एकजण दुसऱ्याच्या पाठीला तेल लावतो, तेव्हा अध्यक्ष खोकले, पण प्रोजेक्टरवाल्याचा डोळा लागला होता. मग बदलीचा हुकूम येतो. एकाच्या. मी ताठ बसलो, हा माझा विषय! तो बदली रद्द करण्यासाठी अर्ज करतो, होडीतून पाठवतो. मुख्यालयात अर्ज प्रलंबित. दोघं किनाऱ्यावर उत्तराची वाट बघताहेत, होडी लांब ठिपक्याएवढी दिसतेय — आणि पडदा पांढरा. शेवटचं रीळ आलंच नव्हतं. लोक चिडले, ओरडले, खुर्च्या वाजवल्या. विश्वनाथ मात्र टाळ्या वाजवत उठला. ‘वाचले दोघंही! रीळ नाही आलं म्हणून वाचले!’ त्या दिवशी पैजेचा निकाल लागला नाही, पोहे कोणी कोणाला खिलवले ते आठवत नाही. एका प्लेटीत दोन चमचे होते एवढं आठवतं. वहीत बघा, सातव्याच्या पुढं ‘अखेर’च्या रकान्यात मी काय लिहिलंय — ‘प्रलंबित’.

आणि आता तोच येतोय. येत्या रविवारी, सगळ्या रिळांसह. तुमचंच पत्रक, तुमचीच सही. तुम्ही पाहिलाय तो पुण्यात, नाही का? — थांबा! सांगू नका. चेहराही करू नका तसा. तिकडे खिडकीकडे बघा हवं तर.

विश्वनाथ धंतोलीत आहे. दवाखान्यात. साधा तपास — म्हणजे गेल्या महिन्यात साधा तपास होता. आता यकृत म्हणतात. डॉक्टर भला माणूस आहे, रविवारी अडीच तास सोडतो म्हणाला, रिक्षानं न्या, रिक्षानं आणा. ते सोडतो म्हणाला त्याच्यावरूनच मी काय ते समजलो. बऱ्या होणाऱ्या पेशंटला सिनेमाला सोडत नाहीत. विश्वनाथची बहीण भागीरथा खाप्याहून येऊन राहिलीय उशाशी. ती म्हणाली, ‘भाऊजी, न्या त्याले. त्याच एका पिच्चरचं घेऊन बसला हाय तो.’ मला भाऊजी म्हणते. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

तुमचं म्हणणं कळलं मला. पाहुणा म्हणून पास देता. खास बाब म्हणून देता, उपकार आहेत. पण पाहुण्यांच्या खुर्च्या मागं असतात बाई, विसाव्या रांगेत, दाराजवळ, आणि सभासदानं आपली जागा सोडायची नाही असा तुमचा नवा नियम. म्हणजे मी सातव्या रांगेत आणि तो विसाव्या. अठरा वर्षं शेजारी बसून सहा जणांना मरताना पाहिलं, आणि आता — नाही. पास ठेवा तुमच्याजवळ.

दवाखान्याच्या फॉर्मवर काय लिहिलं विचारता? तिथंही होता रकाना. मावसभाऊ लिहिलं. हात अडला नाही जरासुद्धा. नर्सनं एकदा पाठक वाचलं, एकदा मेश्राम वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, माझ्या घरी त्याच्या नावाचा पेला वेगळा होता — माझ्या आईनं ठेवलेला, ती गेल्यावर मी फेकला, तिच्या हयातीत नाही फेकला, हेही लिहून घ्या पाहिजे तर — आणि आता एका सहीत आम्ही मावसभाऊ! खोटं लिहायला मी घाबरत नाही. तुमच्याच फॉर्मवर हात का अडला? ते — ते कारण वेगळं आहे. तिथं मला खोटं लिहायचं नव्हतं.

उजेडाकडं धरू नका तो कागद. धरू नका म्हटलं ना. — हो, पातळ झालाय तिथं. ब्लेडनं खरवडलंय. कारकुनाची सवय, शाई वाळली की ब्लेड. चार वेळा. पहिल्यांदा मित्र. मग जिवलग मित्र; तेव्हा माझं मलाच हसू आलं. मग शेजारी. आणि चौथ्यांदा जे लिहिलं ते तुम्हाला वाचता येत असेल तर वाचू नका. पाच मिनिटं राहिलं ते तिथं. अक्षर चांगलं आलं होतं.

एक गोष्ट मनातून जात नाही, तुम्ही लहान आहात, तुम्हाला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. ज्याचा जीव आधी लागतो तो मरतो, हा त्याचा नियम. सहापैकी सहा वेळा बरोबर. आता आमच्यात कोणाचा जीव आधी लागला — म्हणजे सिनेमावर, सिनेमावर कोणाचा जीव आधी लागला असं म्हणतोय मी — मला अठरा वर्षं खात्री होती की माझा. मी ते झाकून ठेवलं, पत्रकं कापली, बदली मागून परत नागपुरात आलो, सगळं मी. तो आपला हसत यायचा. आणि आजारी पडला तो. म्हणजे मग — बोलला नाही हो कधी. मला पहिल्यांदाच हरवायचं होतं त्याला, आणि ही असली पैज.

असो. कामाचं बोला. तुमच्या परिपत्रकाचं चौथं कलम वाचलंत? मंडळात कोणी वाचलं नसेल, मी वाचलं. ‘अर्जावर निर्णय होईपर्यंत जुनी कार्डे ग्राह्य धरली जातील.’ आलं लक्षात? तुम्ही मंजूर केलात तर नातं लिहावं लागेल. नामंजूर केलात तर सौ. रद्द. पण निर्णयच झाला नाही, तर रविवारी साडेनऊला श्री. म. ग. पाठक व सौ. सातव्या रांगेत, दहा आणि अकरा. त्यासाठीच रकाना कोरा सोडला मी. मुद्दाम. छत्तीस वर्षांची अक्कल आहे ती — हो, खरवडला तो आधी, कोरा सोडायचं नंतर सुचलं, पण सुचलं ना! तुम्ही काही खोटं करायचं नाही. त्रुटी आहे, त्रुटी राहू द्या. फाईल शनिवारच्या बैठकीत वर ठेवू नका, इतकंच. खाली ठेवा.

काय? — शेवटाबद्दल काहीतरी सांगायचंय? नको, लतिकाबाई. चांगला असला तरी नको. आम्ही दोघं बघू.

निघा आता. चार वाजता भेटीची वेळ सुरू होते, मला शेंगा घेऊन जायच्यात; त्याला चालत नाहीत, सोलायला लागतात. पेन आहे ना? मग शेरा इथंच मारा, माझ्यादेखत, रकाना सहाच्या बाजूला, भोक पडणार नाही असा हलक्या हातानं. सभासद क्रमांक एकशे सात. अर्ज प्रलंबित.