जावयासाठी मळलेलं पीठ

मोटारीच्या हिशोबात माझा हात कुणी धरणार न्हाई, असं मी लातूरभर सांगत फिरायचो. भोकरला जाऊन आलो आणि गप झालो.

भोकर माझी सासुरवाडी. तिथं बायकोच्या मावशीचा बचत गट उडदाचे पापड करतो. पीठ मळून बायकांचे खांदे भरून यायचे, म्हणून मळायचं मशीन मीच करून देतो म्हणालो.

मोटार किती ताकदीची लागेल ते मोजायला स्वतः गेलो. मावशींनी मळून ठेवलेल्या पिठात लाकडी दांडा खुपसला, टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि ओढून गरागरा फिरवला. काट्यावरचा जोर गुणिले दांड्याची लांबी, झाला टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर. त्याला वेगाची जोड दिली आणि दोन एचपी नक्की केली.

मशीन बसवलं, नारळ फुटला, सगळी सासुरवाडी गोळा झाली. बटण दाबलं तर पातं अर्ध्या फेरीतच अडकलं, मोटार नुसती गुरगुरली आणि पट्ट्यातून धूर निघाला. सासरे आढ्याकडं बघत राहिले.

मी पिठात बोट घालून बघितलं. बोट आत जाईना.

"मावशी, त्या दिवशी हेच पीठ होतं का?"

"न्हाई हो. तुम्ही ओढणार म्हणल्यावर मीच लई सैल मळलं होतं. जावयाला घट्ट गोळा ओढायला लावायचा का?"

"मग आज?"

"आज मोटार ओढणार ना! ती कुठं आमची जावई हाय?"