तपकिरी बूट

दवाखान्यात शिंपीणकाकू गुडघा चोळत नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर साध्या कपड्यांतली हवालदारीण होती आणि तिनं परवा एका कुलूपबंद घरातून सोडवून आणलेली पोर होती.

“चहा घे गं. गार होतोय.”

“नको, बाई.”

“अगं, मला कसली घाबरतेस? तुझ्यासाठी तर वर्दी घरी ठेवून आलेय.”

“बूट तेच आहेत.”

“बुटांचं काय?”

“तिथं मान वर केली की मार बसायचा. आलेल्या माणसाचे बूटच तेवढे दिसायचे. असे तपकिरी बूट घालून दोघं यायचे.”

काकूंचा हात गुडघ्यावरच थबकला. हवालदारणीनं वाकून नाड्या सोडल्या आणि बूट बाकाखाली सारले.

“आता घेशील?”

“घेते, ताई.”

“ते दोघं कोण, कळलं होतं का?”

“एकमेकांना साहेब म्हणायचे. तुमच्या ठाण्याच्या गोष्टी करायचे. लिहून घ्या ना.”

“घेईन गं. पण आत्ता डॉक्टरांपुढं हे काढू नकोस. आधी तुला कोंडणाऱ्या त्या घरमालकिणीचं लिहू, तिला आत टाकू. हे सध्या आपल्या दोघींतच राहू दे. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.”

“तेही असंच सांगायचे.”

“कोण?”

पोरीनं न पिताच कप खाली ठेवला. तेवढ्यात नर्सनं हाक मारली. हवालदारीण घाईघाईनं बूट चढवू लागली.

“चल, ऊठ बाळा.”

“चला, बाई. मान खालीच ठेवायची ना?”