नोंदीत नंबर नवऱ्याचा

नाव: ओळखपत्राप्रमाणे, वेगळ्या कागदावर. लोक मला इस्त्रीवाली आजी म्हणतात.
वय: कागदावर बाहत्तर. खरे सांगणारे कोणी उरले नाही.
धंदा: कपडे धुणे व इस्त्री.
राहणार: दुकानामागची खोली.

आज गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी आपणहून ठाण्यात आले. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि हवालदार ताई लिहून घेतात. मधले काही गाळू नये असे मी त्यांना बजावले आहे. समक्ष सांगते ते असे की,

माझी नात, माझ्या लेकीची लेक, वय तेवीस, आठ महिन्यांपासून माझ्याकडे राहते. घरात तिला ठिणगी म्हणतो. तिची आई हयात नाही. लग्नाला चार वर्षे झाली. माझ्याकडे आली तेव्हा उजव्या मनगटाला प्लास्टर होते. जिन्यावरून पडले, असे ती म्हणाली. तिचे सासर तळमजल्यावर होते. हे मी तिला बोलून दाखवले नाही.

तिला लहानपणापासून फिट येते. सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक. चुकली की फिट आलीच समजावे. मागच्या वेळी जीभ चावली गेली होती. मला अक्षर कळत नाही म्हणून सकाळच्या डबीला एका गाठीचा लाल दोरा बांधते, रात्रीच्या डबीला दोन गाठींचा. कधी गफलत झाली नाही. आमच्या धंद्यातही हेच. कपड्याच्या आतून दोऱ्याचे टाके घालायचे, ज्याचे त्याचे वेगळे. चाळीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही. इथल्या ठाण्याच्या साहेबांचा शर्ट मात्र कोण धुतो ते विचारले पाहिजे, कॉलरला कांजी फार झाली आहे.

गोळ्या आमचे जुने डॉक्टर देत. ते दवाखाना बंद करून गेले. म्हणून सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे नोंद उघडल्याशिवाय औषध देत नाहीत. खिडकीवरच्या बाईंनी ठिणगीचे नाव टाकले तर नोंद आधीच होती. लग्नानंतर ती एकदा दुसऱ्या दवाखान्यात गेली होती, आणि आता सगळे दवाखाने एकाच मशीनला जोडले आहेत. फोन नंबर नवऱ्याचा. पालक म्हणूनही नवराच.

मी म्हणाले, "तो नंबर खोडा बाई, हिचा घाला."

"असा खोडता येत नाही, आजी. जुन्या नंबरवर आकडे येतील. ते सांगा, मग बदलते."

"म्हणजे त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला काढू का?"

"सिस्टिमच तशी आहे."

"तुमच्या सिस्टिमचं लग्न झालेलं दिसत नाही. आजार हिचा, नोंद हिची, मग किल्ली त्याच्याकडे कशी? आमचं गिऱ्हाईक बदललं की आम्ही जुना दोरा उसवतो आणि नवा घालतो. जुन्या मालकाच्या दारात जात नाही."

बाई हसल्या, मीही हसले. तोवर त्यांनी बटण दाबले होते. तो नंबर खोडा म्हणून हट्ट मी धरला होता, ठिणगीने नव्हे.

ठिणगी म्हणाली, "आजी, त्याला कळलं." मी म्हणाले, चार आकड्यांवरून काय कळतंय. ती म्हणाली, आकड्यांबरोबर दवाखान्याचं नावही जातं. बाईंनी औषधासाठी गुरुवार सकाळी अकराची वेळ दिली. त्या वेळेचाही मेसेज जाईल, म्हणाल्या. कुणाला, असे मी विचारले. त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

बुधवारी रात्रीची गोळी दिल्यावर गुरुवार सकाळपुरती एकच गोळी उरली होती. ठिणगी जायला नको म्हणत होती. मी म्हणाले, "मी आहे ना." हे माझे वाक्य जसेच्या तसे लिहावे.

आज अकराला पोचलो. तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवून मी औषधाच्या रांगेत गेले. गोळ्या घेऊन, दोन्ही डब्यांत भरून साडेअकराला बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. रखवालदाराने सांगितले ते असे: एका माणसाने तिचा दंड धरला होता. रखवालदाराने त्याला अडवले. तो म्हणाला, "बायको आहे माझी. फिट येते, डोकं ठिकाणावर नसतं." रखवालदार त्याला खिडकीपाशी घेऊन गेला. बाईंनी मशीनमध्ये पाहिले आणि म्हणाल्या, पालक हेच आहेत, जाऊ द्या. रखवालदाराने वाट सोडली. गाडीत बसवताना तिने नवऱ्याचे जाकीट मुठीत धरून ठेवले, ते त्याच्या अंगातून निघून खाली पडले. तोवर गाडी हलली. रखवालदाराचा मला राग नाही.

ती ओरडत होती का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, नाही आजी, गप्प होती. ती गप्प कधी होते ते मला ठाऊक आहे.

मी इथे आल्यावर साहेबांनी मशीनमधला त्याचा पत्ता काढून गाडी पाठवली. गाडी दोनला परत आली. तिथे सहा महिन्यांपासून दुसरेच लोक राहतात. त्याचा फोन बंद आहे. ठिणगी कुठे येणार, किती वाजता येणार, हे मशीनला पक्के ठाऊक होते. तो कुठे राहतो ते मात्र ठाऊक नाही.

त्यानंतर साहेब तक्रार मशीनमध्ये भरू लागले. तिथे ठिणगीची नोंद निघाली. आठ महिन्यांपूर्वी त्यानेच ती हरवली म्हणून लिहून दिले होते. सापडल्यास कळवावे, नवऱ्याला. तक्रार भरली की मेसेज आपोआप जातो, असे ताई म्हणाल्या. मी उठून बटणांवर तळहात ठेवला. पडद्यावर काय काय उमटले ते साहेबांना पुसावे लागले. म्हणून हा जबाब हाताने लिहिला जात आहे.

रखवालदाराने उचलून दिलेले जाकीट माझ्या मांडीवर होते. हाताला सवय असते, मी कॉलर उलटली. आत हिरवा दोरा, तीन उभे टाके आणि एक आडवा. लाल दोरा माझा. हिरवा डेपोमागच्या लॉन्ड्रीवाल्याचा. त्याला आम्ही मौनी म्हणतो, कारण गिऱ्हाईकाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आम्ही कोणीच काढत नाही. खिशात चिठ्ठी सापडली तर तिची घडी न मोडता परत ठेवायची. कोणाचे कपडे कोणत्या घरी जातात ते कोणी विचारले तर आपण बहिरे. चाळीस वर्षे मी हे पाळले, आज पहिल्यांदा मोडते आहे, आणि मौनीलाही मोडायला लावते आहे. ते टाके कोणत्या घराचे हे त्याला नक्की माहीत असणार.

पोलिसांना तो सांगणार नाही, हे मी साहेबांना सांगितले. रात्रीच्या डबीचा दोन गाठींचा लाल दोरा सोडून त्यांच्या हातात दिला. म्हटले, हा त्याला दाखवा, जाकीट दाखवा, आणि म्हणा, म्हातारीने पहिल्यांदाच काही मागितलंय. साहेब डबीतली एक गोळी आणि पाण्याची बाटली घेऊन चार वाजून वीस मिनिटांनी स्वतः गेले.

ताई विचारतात, काही कळले तर कोणत्या नंबरवर कळवायचे. तो रकाना कोरा ठेवावा. मी समोरच्या बाकावर आहे.

लिहिलेले सगळे ताईंनी सावकाश वाचून दाखवले. साहेबांच्या कॉलरचे वाक्य ठेवले आहे ना, ते विचारून घेतले. ठेवले आहे. मी बोलले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे. इस्त्रीने बोटांच्या रेघा गेल्या, मशीन माझा अंगठा घेत नाही. म्हणून शाईने कागदावर दिला. वेळ, पाच वाजून पाच मिनिटे.

रात्रीची डबी उजव्या मुठीत आहे. दोरा नाही म्हणून खाली ठेवता येत नाही. अंगठा डाव्या हाताचा आहे.