उठवणारं कुत्रं

...आणि वर हे मलाच विचारतात, “मरियम, हे असलं कुत्रं निवडलंस तरी कसं?” अहो, कसं म्हणजे? तुम्हीच म्हणाला होतात ना, उठवणारं पाहिजे!

तुम्हाला सांगते, माझ्यावर आजवर निवडायची वेळ आलीच कधी? नवरा मामांनी निवडला, घराचा रंग दिरांनी, गाय ह्यांनी... आणि पहिल्यांदाच कोणी म्हणालं की मरियम, तू निवड, तर काय निवडायचं? स्पॅनियल! मला तर आधी जेवणानंतर घ्यायच्या गोळीचं नाव वाटलं.

झालं असं, की पाथर्डीच्या रस्त्याला आमचा हरभरा, आणि हरभऱ्यात ससे. आता ह्यांची दोन कुत्री आहेत, बाण आणि बिजली. आई आपल्याकडची शिकारी कारवानी, बाप कुणाचा तरी विलायती ग्रेहाउंड, त्यामुळे नुसते पाय आणि तोंड, मधे पोट ठेवायचं देव विसरला असावा! कोल्हारहून आमचा पुतण्या जॉय आला, तो म्हणाला, “काकू, ह्यांना इंग्रजीत लर्चर म्हणतात.” शेजारच्या लंकाबाई भिंतीवरून डोकावत होत्या, त्या लगेच म्हणाल्या, “लाचार? व्हय, दिसत्यातच तशी!” झालं, हे दिवसभर जेवले नाहीत.

पळायला मात्र वारा हो! पण ती बघून पळतात. ससा दिसला पाहिजे. आणि ससा कशाला दिसतोय? तो हरभऱ्यात कान पाठीवर टाकून असा दबून बसतो, की बाण त्याच्या अंगावरून उडी मारून जातो आणि पुढे बांधावर बसून जांभया देतो. म्हणून ह्यांना उठवणारं कुत्रं पाहिजे होतं. त्यानं हुंगत हुंगत झुडपात शिरायचं, ससा उठवायचा, मग बाण आणि बिजलीनं त्याला शिवाराबाहेर घालवायचं. “मारायचा न्हाई हं,” हे म्हणाले, “कायदा हाय. नुसता हाकलायचा.” अहो, पण तो कायदा बाणाला वाचून दाखवलाय का कोणी?

मला रात्रंदिवस तीच धास्ती. कारण तो ससा... कसं सांगू तुम्हाला... सकाळी दव पडलेलं असतं, हरभऱ्याच्या पानापानावर थेंब, आणि मी चहाचा कप घेऊन बांधाशी उभी राहते. तो येतो. मागच्या पायांवर उभा राहतो. ऊन त्याच्या कानांतून आरपार येतं, गुलाबी गुलाबी, आतल्या बारीक शिरासुद्धा दिसतात. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. चहा गार होतो. कोणी काही बोलत नाही. घरात एवढी शांतता मला कधी मिळाली नाही हो!

मी ह्यांना म्हटलंसुद्धा, “आपण नाही का शेंडे खुडत, फुटवे यावेत म्हणून? तो तेच करतो.”

“मग काय त्याला मजुरी दिऊ?”

हरभरा तर मलाही हवाच होता. पण ससाही हवा होता. आणि कुत्रं घरात सांभाळणार मी, त्याची भाकर थापणार मी, म्हणून निवडायचंही मीच!

जॉयनं समजावलं, “काकू, उठवणारं म्हणजे स्पॅनियल. त्यात दोन जाती बघा. स्प्रिंगर अंगानं मोठं, रान पालथं घालतं. कॉकर लहान, पण काट्याकुट्यात घुसतं.”

भिंतीवरून आवाज आला, “कोकरू? आगं बाई, सशामागं कोकरू सोडत्यात व्हय?”

नगरला गेलो, पिल्लं विकणाऱ्या एका घरी. हे बाहेर गाडी लावायला जागा शोधत राहिले, मी एकटीच आत. त्या घरच्या बाई फार प्रेमळ. त्यांनी स्प्रिंगरचं पिल्लू सोडलं, तर ते नाक खाली घालून सरळ पलंगाखाली गेलं, आणि फडफडाट करत एक कोंबडी बाहेर! मग ते माझ्याकडे बघायला लागलं, शेपूट हलवत, “पुढचं काय?” म्हणून. हे तर खरंच उठवणार! हे उठवणार, बाण धावणार, आणि माझा तो गुलाबी कानांचा...

दुसऱ्या खोक्यात कॉकर झोपलं होतं. मधाच्या रंगाचं. कान एवढे लांब, की त्यांचंच अंथरूण, त्यांचंच पांघरूण. झोपेत पाय हलवत होतं, ओठ फुरफुरत होते. स्वप्नात कुठल्या रानात गेलं होतं कोण जाणे... मी किती वेळ बघत बसले. मग अगदी मनापासून विचारलं, “हे उठवतं का हो?”

“अहो ताई, काय सांगू!” बाई म्हणाल्या. “रोज पहाटे अख्खी गल्ली उठवतं!”

म्हटलं, हेच द्या.

मी खोटं बोलले का? सांगा ना! ह्यांनी उठवणारं मागितलं, ते उठवत होतं!

त्याचं नाव अर्थातच कोकरू पडलं. रानात सोडलं, की दोन सऱ्या चालतं, कानांत कुसळं भरतात, मग खाली बसून एक पाय वर करतं, की मी जायचं आणि कुसळं काढायची. बाण आणि बिजली त्याच्याकडे असं बघतात, जसं पाहुण्यांच्या पोराकडे बघावं.

पण पहाट झाली रे झाली, कोंबडा आरवायच्या आत... भॉ! ह्यांच्या उशाशी! हे उठतात, बाण उठतो, बिजली उठते, भिंतीपलीकडे लंकाबाई उठतात. “मरियमबाई, तुमचं कोकरू हाय का भोंगा?” मग झोपच गेली म्हणून सगळी वरात रानात! पुढे कोकरू भुंकतंय, मागे हे कानटोपी घालून. आणि ससे? अहो, त्यांचे कान काय शोभेचे आहेत? त्यांना हे सगळं लांबूनच ऐकू येतं. आम्ही पोचेपर्यंत ते ओढा ओलांडून गायरानात! बाणाला शेपूटसुद्धा दिसत नाही.

हरभरा असा वाढलाय म्हणून सांगू! घाटे लगडलेत. हे मात्र बांधावर उभे राहून डोळे चोळत म्हणतात, “आगं, पन एकबी ससा उठवला न्हाई ह्यानं!”

मी चहाचा कप घेऊन बांधभर नजर फिरवते. पण बांध आता रिकामाच असतो ना. चहा गरमच संपतो. गायरानात तो सुखरूप असेल, आहेच, मला ठाऊक आहे... पण आता मला भेटतो तो फक्त पहाटेच्या साखरझोपेत. दव असतं, ऊन असतं, तो हळूच मागच्या पायांवर उभा राहतो, कान गुलाबी व्हायला लागतात, मी श्वास रोखून धरते, आणि बरोब्बर तेव्हाच... भॉ!

ह्यांना काय सांगू? उठवलाय हो त्यानं ससा. रोज उठवतं. माझ्या स्वप्नातला.